बंद पडल्यावर किती वेळात उभं राहायचं?

वाचकांचे प्रश्न

धंद्यात अचानक खंड पडला तर किती वेळात सावरायचं, याबद्दलची पत्रं या महिन्यात बरीच आली. गिऱ्हाइकांचे तक्ते, ऑडिट आणि पावसाळा एकदमच आल्यामुळे असेल. त्यातली काही इथे घेतली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत, नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. दोन इंडक्शन भट्ट्या, चाळीस-पन्नास माणसं. पुण्याच्या गिऱ्हाइकानं पुरवठादारांसाठी एक तक्ता पाठवलाय. डाव्या बाजूला विभागांची नावं आणि उजवीकडं 'आरटीओ, तासांत' असा रकाना. आयएसओचं काम बघणाऱ्या सल्लागारानं सगळ्या रकान्यांत २४ भरून दिलं. सही करून पाठवू का?
– फौंड्रीमालक, कोल्हापूर

उत्तर : सही करू नका. गिऱ्हाइकाकडून आठवडाभर मागून घ्या आणि तो तक्ता कचेरीतून उचलून शेडमध्ये घेऊन जा. सगळीकडे २४ लिहिलं याचा अर्थ कुठल्याच कामाचा वेगळा विचार झालेला नाही. गिऱ्हाइकाचा माणूस जाणता असेल तर त्याच्याही ते पहिल्या नजरेत लक्षात येईल.

आयएसओ २२३०१ हे या विषयाचं प्रमाण २०१२ साली आलं, २०१९ मध्ये सुधारलं. त्यातला क्रम मला फार पटतो. आधी विचारायचं, हे काम बंद राहिलं तर नुकसान सोसण्यापलीकडे कधी जाईल? ती झाली सोसण्याची हद्द. मग त्या हद्दीच्या आत, थोडी जागा राखून, काम पुन्हा सुरू करायची वेळ ठरवायची. तुमच्या तक्त्यातला आरटीओ (रिकव्हरी टाइम ऑब्जेक्टिव्ह) म्हणजे ही वेळ. मी तिला सावरण्याची मुदत म्हणते. आणि सुरू करायचं म्हणजे पहिल्याइतकं सगळं नव्हे. किमान किती चाललं तर भागेल, तेवढं. दोनपैकी एक भट्टी, एकच पाळी, नडीचे तीन पार्ट, जे काही असेल ते. पण ते लिहून ठेवलेलं असलं पाहिजे.

आता भट्टीपाशी उभं राहून बघा. वीज गेली, भट्टीत वितळलेलं लोखंड आहे. कॉइलच्या तांब्याच्या नळीतून फिरणारं पाणी पंपावर चालतं आणि पंप विजेवर. पाणी थांबलं, पण लोखंड चौदाशे अंशांच्या आसपास आहे, त्याची धग अस्तरातून कॉइलकडे येतच राहते. कॉइल जळाली तर भट्टी कित्येक दिवस बंद. कॉइल फुटून पाणी वितळलेल्या धातूपर्यंत गेलं तर स्फोट. म्हणून तर उंचावर पाण्याची टाकी असते, नाहीतर आपोआप सुरू होणारा डिझेल पंप असतो. या एका कामाची मुदत सेकंदांत मोजायची आहे. 'पाणी व वीज : २४ तास' असं लिहून त्याखाली सही करणं म्हणजे माणसांच्या जिवाबद्दल चुकीचं लिहून देणं आहे.

त्यानंतर धातूची वेळ. वीज आलीच नाही तर किती वेळानं भट्टी रिकामी करायची? उशीर झाला की लोखंड आतच थिजतं आणि अस्तरासकट फोडून काढावं लागतं. हा आकडा तुमच्या मेल्टरला तोंडपाठ असतो. भट्टी केवढी, आत माल किती, झाकण घातलंय का, यावर तो बदलतो. मेल्टरला विचारून लिहा. सल्लागाराला तो ठाऊक असण्याचं काही कारण नाही.

यापुढचा हिशेब गिऱ्हाइकाच्या दारापासून सुरू करून आपल्या दारापर्यंत उलटा यायचं. समजा, तुमच्या कास्टिंगचा चार दिवसांचा साठा त्यांच्या स्टोअरमध्ये असतो. ओतल्यावर साचा थंड होणं, नॉक-आउट, फेटलिंग, शॉट ब्लास्टिंग, तपासणी हे सगळं उरकून माल गाडीत चढायला दोन दिवस लागतात. पुण्याला पोचून उतरायला अर्धा दिवस. चारातून अडीच गेले, राहिला दीड. म्हणजे ओतकाम ३६ तासांहून जास्त थांबलं की गिऱ्हाइकाची लाइन थांबणार. ही हद्द. मुदत तिच्या अलीकडे, समजा २४ तास. म्हणजे सल्लागाराचा आकडा या एका रकान्यात जुळतो. पण ओतकाम २४ तासांत सुरू व्हायचं असेल तर वाळूचा प्लँट आणि कॉम्प्रेसर त्याच्या आधी फिरायला हवेत. त्यांच्यापुढेही २४ लिहिलं की हिशेब बसत नाही.

तुमच्या गोदामात तयार माल पडून असेल तर सवलत वाढते. मात्र तो माल फाटकाबाहेर पडला पाहिजे. ई-इनव्हॉइस निघालं नाही, ई-वे बिल झालं नाही, तर गाडी हलत नाही. 'ऑफिसचं काय, होईल उद्या' असं आपण ज्या कामाबद्दल म्हणतो, त्याची मुदत ओतकामापेक्षा कडक निघते. चार तास, फार तर अर्धा दिवस. उपाय मात्र स्वस्त आहे. पोर्टलचा लॉगिन दोघांकडे, एक जादा लॅपटॉप आणि मोबाइलचं इंटरनेट. ओटीपी मालकाच्या फोनवर येतो आणि मालक विमानात बसलेले, म्हणून भरलेली गाडी संध्याकाळपर्यंत उभी राहिलेली मी पाहिली आहे.

पॅटर्नचा रकाना तुमच्या तक्त्यात बहुधा नसेलच. तो स्वतः आखा. पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूचा साचा घेतात ते नमुने. ते गिऱ्हाइकाचे, ठेवलेले तुमच्या शेडमध्ये. लाकडी असतील तर आगीत जातात, पाण्यात फुगतात. नवे करून, नमुना ओतून, गिऱ्हाइकाची मंजुरी हातात पडेपर्यंत आठवडे जातात. तिथे २४ तास कुणालाच जमणार नाहीत. एकतर नडीच्या पार्टचे दुसरे पॅटर्न उंचावरच्या दुसऱ्या जागी ठेवा, नाहीतर जेवढे आठवडे लागतील तेवढे स्वच्छ लिहा. आपण जास्त साठा ठेवायचा की दुसरा पुरवठादार तयार करायचा, हे गिऱ्हाइकाला त्या खऱ्या आकड्यावरूनच ठरवता येतं. खोटा आकडा दिलात तर त्यांची तयारीही खोट्यावर उभी राहते.

आणखी एक, तुम्ही शिरोलीचे म्हणून. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी तिथेच पुणे-बंगळूर महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. वरच्या हिशेबात मी वाहतुकीला अर्धा दिवस धरला, तो पुरात कोसळतो, भट्ट्या धडधडत असल्या तरी. म्हणून जून संपायच्या आत पुण्याच्या बाजूला एखाद्या गोदामात आठवड्याचा जादा माल टाकता येईल का, हे गिऱ्हाइकाशी बोला. तक्ता पाठवताना सोबत याबद्दलचं पत्रही जाऊ द्या.

प्रश्न : आमची पतसंस्था सातारा जिल्ह्यात आहे, सहा शाखा. सॉफ्टवेअर कंपनीच्या करारात 'चार तासांत सेवा पूर्ववत' असं कलम आहे. संचालक मंडळाच्या ठरावात हाच आकडा आमची मुदत म्हणून घ्यावा असं अध्यक्षसाहेबांचं म्हणणं आहे. काही हरकत?
– सरव्यवस्थापक

उत्तर : हरकत आहे, आणि ती अध्यक्षांसमोर मांडायचं काम तुमचंच आहे. चार तासांत त्यांना काय जमतं हे कंपनीनं सांगितलं. सभासदाला किती वेळ थांबवता येतं हे तुम्ही सांगायचं आहे. दोन्ही आकडे जुळले तर उत्तम. नाही जुळले तर करार बदला, किंवा मधला वेळ हातानं काम करून काढायची व्यवस्था करा.

आधी करार उघडून बघा, चार तास कधीपासून मोजायचे? सहसा तक्रार नोंदवल्यापासून, आणि तेही कामाच्या वेळेत. शनिवारी दुपारी सर्व्हर बसला, शाखाधिकाऱ्यानं 'लाइन गेली असेल' म्हणून तासभर वाट पाहिली, मग मुख्य कचेरीला फोन केला, मग तक्रार नोंदवली गेली. सभासदाच्या दृष्टीनं वेळ पहिल्या मिनिटापासून चालू आहे. कंपनीच्या दृष्टीनं तो कदाचित सोमवारी सकाळी सुरू होईल.

बिघाड झाला हे मान्य करायला लागणारा वेळ सगळ्यांत जास्त खातो. २४ फेब्रुवारी २०२१ ला राष्ट्रीय शेअर बाजारातले सौदे सकाळी ११.४० ला थांबले ते दुपारी ३.४५ ला सुरू झाले. त्या दिवशी बाजार पाच वाजेपर्यंत चालवावा लागला. पुढच्याच महिन्यात सेबीनं शेअर बाजारांसारख्या संस्थांसाठी परिपत्रक काढलं. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यापासून ३० मिनिटांत 'आपत्ती' जाहीर करायची आणि त्यापुढे ४५ मिनिटांत पर्यायी केंद्रावरून काम सुरू करायचं. माहितीचं नुकसान १५ मिनिटांपेक्षा जास्त नको. त्यातली ती पहिली ३० मिनिटं मला सगळ्यांत मोलाची वाटतात. निर्णयालाही मुदत घातली. तुमच्या ठरावातही ती हवी. किती मिनिटांनी, कुणी म्हणायचं की आता हातानं काम सुरू करा? ते एक पद, आणि तो माणूस रजेवर असेल तर दुसरं पद, दोन्ही ठरावात लिहा.

मग काउंटरवर या आणि कॅशियरला विचारा. आठवडी बाजाराच्या दिवशी किती वेळ निभावेल? भरणा हातपावतीवर घेता येतो. पैसे देताना अडचण होते, कारण शिल्लक दिसत नाही. रोजच्या दिवसअखेरीनंतर प्रत्येक शाखेच्या खात्यांची शिल्लक यादी सर्व्हरपासून वेगळी, कुलपात ठेवलीत, तर एका ठरावीक रकमेपर्यंत पैसे देता येतात. दवाखान्यात अनामत भरायला आलेल्या माणसाला तेवढ्यानं मोकळं करता येतं. हे हातकाम तासाभरात सुरू व्हावं असं मी म्हणेन. नवीन कर्जमंजुरी दोन-तीन दिवस थांबली तर कुणाचं फार अडत नाही. पण सोनेतारणाचा विचार वेगळा करा. लग्नाच्या आदल्या दिवशी दागिने सोडवायला आलेल्या बाईला 'सिस्टीम बंद आहे, परवा या' असं सांगता येत नाही. ती मुदत त्याच दिवसाची. त्यासाठी कर्जखात्याचा उतारा आणि तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या हाताशी हव्यात.

मी बँकेत परिचालन विभागात होते तेव्हाची एक कवायत, म्हणजे सर्व्हर बंद पडल्याचा सराव, अजून डोळ्यांपुढे आहे. कागदावर दोन तास लिहिलेले. पर्यायी सर्व्हर सुरू झाला, पण त्याचा मुख्य पासवर्ड लाखबंद पाकिटात, पाकीट तिजोरीत आणि तिजोरीची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे ते अधिकारी पुण्याहून येत होते. खोपोलीच्या घाटात वाहतूक तुंबलेली. आम्ही सगळे सर्व्हरपुढे बसून होतो. यंत्राचं काम वीस मिनिटांचं, किल्लीचं चार तासांचं. तेव्हापासून मी कुठल्याही योजनेत आधी किल्ल्या, पासवर्ड आणि सह्या कुणाकडे आहेत ते शोधते.

आणि सिस्टीम वर आली की काम संपलं असंही नाही. हातपावत्या चढवायच्या, पिग्मी एजंटांच्या यंत्रातला भरणा उतरवून घ्यायचा, रोकड जुळवायची. त्यावरून दुसरा आकडा निघतो. बंद पडण्याच्या आधीची किती वेळाची माहिती गेली तर ती पुन्हा उभी करता येईल? बॅकअप फक्त रात्री होत असेल तर दुपारी चार वाजता बसलेला सर्व्हर दिवसभराची माहिती घेऊन जाईल. ती कागदावरून परत भरता येणार असेल तर ठीक. यूपीआयच्या व्यवहाराचा कागदच नसतो, तिथे काय करायचं हे कंपनीकडून लेखी घ्या.

३१ जुलै २०२४ हा दिवस संचालकांना जरूर सांगा. छोट्या बँकांना तंत्रज्ञान पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या सॉफ्टवेअरचा, हल्ला झाला. इतरत्र लागण पसरू नये म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्या कंपनीची जोडणी तोडली. जवळपास ३०० सहकारी आणि ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे एटीएम-यूपीआय अडकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. या बँकांची स्वतःची इमारत, वीज, माणसं सगळं ठणठणीत होतं. म्हणून ठरावात स्वतःच्या सर्व्हरची मुदत लिहून थांबू नका. ज्या कंपनीवर आणि ज्या बँकेमार्फत तुमचे व्यवहार चालतात, त्यांची मुदतही विचारून त्याच पानावर लिहा.

प्रश्न : आमची दूध संस्था छोटी, राधानगरी तालुक्यात. संकलनाचं यंत्र, वजनकाटा, बिलाचं सॉफ्टवेअर आणि बल्क कूलर एवढंच. आमच्यासारख्यांना हे मुदत वगैरे लागतं का, का मोठ्यांचं खूळ?
– सचिव

उत्तर : तुम्हाला तर सगळ्यांत आधी लागतं, कारण दूध थांबत नाही. धार काढलेलं दूध कूलरमध्ये ४ अंशांपर्यंत उतरलं की निर्धास्त. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही की कोमट दुधाचा वेळ तासांतच संपतो, उन्हाळ्यात त्याहून लवकर. जनरेटर किती मिनिटांत सुरू झाला पाहिजे, टाकीत डिझेल किती तासांचं आहे, आणि तोही नादुरुस्त असेल तर टँकर लवकर बोलवायचा फोन कुणाला, हे तीन आकडे कूलरच्या भिंतीवर रंगवून ठेवा.

संकलनाचं यंत्र बंद पडलं तर? सकाळी गल्लीत कॅन घेऊन रांग लागलेली असते, पंधरा-वीस मिनिटांच्या वर कुणी उभं राहत नाही. मापानं दूध घ्या, वहीत नोंद करा, प्रत्येकाचा नमुना बाटलीत ठेवा, नंतर फॅट काढा. जुनं गर्बरचं साहित्य टाकून दिलं नसेल तर ते बाहेर काढून एकदा चालवून बघा.

बिलाच्या सॉफ्टवेअरचं मात्र तारखेवर आहे. दहा दिवसांचं बिल निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी ते बंद पडलं तर चार-पाच दिवस कुणाला कळणारही नाही, फक्त वहीतल्या नोंदी नीट हव्यात. बिल काढायच्या आदल्या रात्री बंद पडलं तर सकाळपर्यंतच वेळ आहे. दिवाळीआधी फरक वाटायचा असतो तेव्हा तर तासही मोजावे लागतील. घरातला फराळ, पोरांचे कपडे त्या पैशांवर असतात. मुदत नेहमी अशा वाईटातल्या वाईट दिवसासाठी ठरवायची. शांत दिवसाचा आकडा लिहिला तर नेमका नडीच्या दिवशी तो तोकडा पडतो.

प्रश्न : मी चिपळूणमध्ये पॅथॉलॉजी लॅब चालवते. २०२१ च्या पुरात तळमजल्यावरची सगळी यंत्रं गेली. आता एका रुग्णालयाशी करार करताना 'बिघाडानंतर चार तासांत सेवा' असं लिहून मागताहेत. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत आल्यावर रस्ताच राहत नाही, तिथे चार तास लिहून काय उपयोग? प्रामाणिकपणे किती लिहू?
– लॅबचालक, चिपळूण

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून मला थांबून विचार करावा लागला, कारण २२ जुलै २०२१ ची ती सकाळ चिपळूणकरांना शिकवायची गरज नाही. २००५ च्या जुलैतही तेच भोगलेलं. तरी एक आग्रहानं सांगते. रुग्णाला किती वेळ थांबता येईल हा आकडा पावसावर अवलंबून नसतो. पूर असो की यंत्राचा फ्यूज उडालेला असो, डायलिसिसच्या रुग्णाचं पोटॅशियम काही तासांतच कळलं पाहिजे. म्हणून आधी रुग्णाच्या गरजेचा आकडा लिहा. तो या इमारतीतून पाळता येत नसेल तर दुसरी जागा शोधा. आकडा वाढवू नका.

आणि सगळ्या तपासण्यांना एकच आकडा का? रुग्णालयाला विचारा, तुम्हाला चार तासांत नेमकं काय हवं? पोटॅशियम-सोडियम, हिमोग्लोबिन, प्लेटलेट, साखर, क्रिएटिनिन, रक्तगट, ट्रोपोनिन, अशी दहा-बारा नावं निघतील. पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टो त्यात धरा. थायरॉइड आणि व्हिटॅमिन डी चार दिवसांनी कळलं तर कुणाचं अडत नाही. निकडीच्या यादीसाठी छोटी यंत्रं रुग्णालयातच वरच्या मजल्यावर ठेवता येतील का? जागा आणि वीज त्यांची, यंत्र आणि तंत्रज्ञ तुमचा. असं झालं तर चार तास पूर आला तरी पाळता येतात.

बाकीच्या तपासण्यांसाठी उंचावरच्या किंवा दुसऱ्या गावातल्या लॅबशी आधीच लेखी बोलणी करा. पण नमुना पाठवायचा म्हणजे नुसती गाडी नव्हे. पोटॅशियमचं रक्त वेळेत सेंट्रिफ्यूज करून सीरम वेगळं केलं नाही तर पेशींतलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटा वाढलेला दिसतो. म्हणजे वाट बंद असतानाही सेंट्रिफ्यूज, बर्फाचा डबा आणि त्यासाठी वीज तुमच्याकडे हवीच. रीएजंट, म्हणजे तपासणीची रसायनं, २ ते ८ अंशांत राहावे लागतात. फ्रिज वरच्या मजल्यावर आणि इन्व्हर्टरवर घ्या. यंत्रं गेली ती गेली, पण रुग्णांचे जुने रिपोर्ट? ते रोज गावाबाहेर कुठेतरी साठताहेत ना, हे आजच बघून घ्या.

करारात एक वाक्य घाला. हवामान खात्याचा रेड अलर्ट किंवा नदीनं इशारा पातळी ओलांडली की बिघाडाची वाट न पाहता यंत्रं वर हलवायची आणि नमुने दुसरीकडे पाठवायला सुरुवात करायची. पुराला पूर्वसूचना असते, तो वेळ मुदतीत जमेला धरा. आगीला आणि फ्यूजला तो मिळत नाही.

प्रश्न : पुण्यात एका कंपनीत सिस्टीम अ‍ॅडमिन आहे. साहेब म्हणतात, सगळ्या सिस्टीमपुढे मुदत 'शून्य' लिही, आपण क्लाउडवर आहोत. साठेक अ‍ॅप्लिकेशन्स आहेत. त्यांना कसं समजावू?

उत्तर : साधा गुणाकार दाखवा. बॅकअप १० टीबी, लाइन १०० एमबीपीएस. लाइन एक क्षणही न अडखळता पूर्ण वेगानं चालली तरी माहिती परत यायला नऊ दिवसांहून जास्त लागतात. शून्य गाठायचं तर दुसरीकडे तेवढीच यंत्रणा सतत चालू ठेवावी लागते. साठच्या साठ अ‍ॅप्लिकेशन्ससाठी तो खर्च मंजूर करणार का, हे त्यांना लेखी विचारा. आणि हेही सांगा की क्षणाक्षणाला होणारी नक्कल आग-पुरात वाचवते, रॅन्समवेअरमध्ये नाही. मूळ माहिती कुलूपबंद झाली की नक्कलही त्याच क्षणी कुलूपबंद होते. तिथे जुनी, जोडणी तोडून ठेवलेली प्रत लागते, आणि ती परत आणायला वेळ लागतोच.

त्यांना मर्स्कचं उदाहरण द्या. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या हल्ल्यानं ही जहाज कंपनी ठप्प झाली. आपल्या न्हावा शेवा बंदरातलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही अडकलं. कंपनीच्या अध्यक्षांनी नंतर दावोसमध्ये सांगितलं की ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक आणि २,५०० अ‍ॅप्लिकेशन्स दहा दिवसांत नव्यानं बसवली. पण ती बसवायच्या आधी कोण कर्मचारी, कुणाला कशाची परवानगी, ही माहिती ठेवणारे डोमेन कंट्रोलर हवे होते आणि ते जगभर पुसले गेले होते. घानाच्या कार्यालयात हल्ल्याच्या वेळी वीज गेलेली होती म्हणून तिथला एक वाचला, त्यावरून पुढचं सगळं उभं राहिलं.

तुमच्या साठ नावांच्या यादीत लॉगिन, डीएनएस (नावावरून संगणकाचा पत्ता शोधणारी यंत्रणा), नेटवर्क, पासवर्डची तिजोरी ही नावं आहेत का? बहुधा नसतील, कारण कुठलाच विभाग त्यांना आपलं म्हणत नाही. ती सगळ्यांत वर लिहा. बिलिंगला चार तास दिले असतील तर लॉगिनला एक. मग उरलेल्यांची उतरंड लावा, आणि प्रत्येक आकडा ज्या विभागाचा त्या विभागप्रमुखाची सही घ्या. तुमची एकट्याची सही त्याखाली नको.

प्रश्न : ठरवलेली मुदत खरी आहे की नाही, हे कसं तपासायचं? आणि किती वेळा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : वर्षातून एकदा तरी, आणि सॉफ्टवेअर, जागा किंवा महत्त्वाचा माणूस बदलला की पुन्हा. ज्या माणसाला सगळं येतं त्याला त्या दिवशी मुद्दाम बाजूला बसवा. वेळ बंद पडल्यापासून मोजा आणि थांबवा तेव्हा, जेव्हा पहिल्या खऱ्या गिऱ्हाइकाचं काम पूर्ण होईल. जो आकडा येईल तो मुदतीशेजारी त्याच कागदावर तारखेसह लिहा. मुदत दोन तास आणि प्रत्यक्षात पाच लागले असतील, तर मधल्या तीन तासांत काय काय झालं ते त्याच संध्याकाळी सगळ्यांना एकत्र बसवून लिहून काढा.